चार पावले

पन्नाशी उलटल्यावर माणसाने नवीन काही शिकू नये असा कायदा कोणी केलेला नाही. पण तसा संकेत मात्र आहे. शिकायचेच असेल तर संस्कृत शिकावे, ज्ञानेश्वरी नीट लावून वाचावी, फार तर पेटीचे सूर धरावेत. ह्या वयाला शोभणाऱ्या विद्या पुष्कळ आहेत, आणि त्या साऱ्यांत एक गुण समान आहे. त्या बसून शिकता येतात. धावत, धापा टाकत, गुडघ्यांना गवताचे हिरवे डाग पाडून घेत शिकायची विद्या ह्या यादीत बसत नाही. म्हणून मी डब्लिनहून पुण्याच्या मैत्रिणींना कळवले की, मी गेलिक फुटबॉल शिकू लागले आहे, तेव्हा एकीने विचारले, “म्हणजे तिकडची भाषा का ग?” दुसरीची समजूत झाली की मी नातवाला शिकवते आहे. तिसरीने काहीच विचारले नाही. तिने आपल्या ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांचा पत्ता तेवढा पाठवून दिला.

आयर्लंडशी माझी ओळख तशी जुनी. पण ती सारी पुस्तकांतली. अठ्ठावीस वर्षे मी इंग्रजी वाङ्मय शिकवीत आले. येट्‌स शिकवला, सिंजची नाटके शिकवली, जॉइसची ‘युलिसीस’ ही कादंबरी निवडक प्रकरणांपुरती शिकवली. तिच्यात दारूच्या गुत्त्यात बसून देशाभिमानाची गर्जना करणारा एक ‘नागरिक’ आहे. ते पात्र जॉइसने मायकेल क्युसॅक नावाच्या खऱ्या माणसावरून बेतले, हे मी दर वर्षी मुलांना सांगत असे आणि मुले ते दर वर्षी वहीत उतरवून घेत. हा क्युसॅक कोण, ह्याची चौकशी कोणी केली नाही; परीक्षेला तो प्रश्न येत नसे. गेल्या वर्षी मी महाविद्यालयातून वर्षभराची रजा घेतली आणि डब्लिनला मुलीकडे राहायला आले. मुलगी आणि जावई दोघेही नोकरीला, नातू चार वर्षांचा. त्यांच्या वसाहतीच्या कडेला एक विस्तीर्ण हिरवे मैदान आहे. मैदानाच्या दोन्ही टोकांना इंग्रजी ‘एच्’ अक्षराच्या आकाराचे उंच खांब रोवलेले. तेथे संध्याकाळी मुले एक खेळ खेळत. तो आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे, हे पहिल्याच दिवशी कळले, कारण त्यात सर्वजण चेंडू हातात घेऊन पळत होते आणि कोणीही शिट्टी वाजवीत नव्हते.

खेळ थोडक्यात सांगते. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा गडी. चेंडू वाटोळा, साध्या फुटबॉलहून किंचित लहान. तो झेलता येतो, लाथाडता येतो, एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने सोबत्याकडे टोलवता येतो. फेकता मात्र येत नाही. खांबांच्या आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला तर तो गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून, दोन्ही खांबांच्या मधून गेला तर एक गुण. (पुरुषांच्या खेळात २०२५ पासून दुरून मारलेल्या चेंडूला दोन गुण देऊ लागले आहेत. ह्या सुधारणेवर येथल्या म्हाताऱ्यांची मते फार तिखट आहेत.) गोल आणि गुण वेगवेगळे लिहितात. २-९ म्हणजे दोन गोल, नऊ गुण, एकूण पंधरा. नवख्या माणसाला फलक वाचायलाही त्रैराशिक मांडावे लागते.

परंतु खेळाचा आत्मा एका नियमात आहे. चेंडू हातात घेऊन चारच पावले टाकता येतात. पाचवे पाऊल टाकण्यापूर्वी एक तर तो जमिनीवर आपटून परत घ्यायचा, नाही तर हातातून पायावर सोडून पायाच्या बोटांनी उडवून पुन्हा हातात घ्यायचा. ह्या दुसऱ्या प्रकाराला ‘सोलो’ म्हणतात. लागोपाठ दोनदा आपटता येत नाही. सोलो मात्र कितीही करावेत. आपल्या हुतूतूत जसा श्वास असेपर्यंत पराक्रम, तसा येथे चार पावलांपुरता. धाव कितीही मोठी असो, ती चार-चार पावलांच्या तुकड्यांनी जोडून न्यावी लागते, आणि प्रत्येक सांध्यावर चेंडू क्षणभर आपल्या हातातून सुटलेला असतो. प्रतिपक्षाला संधी मिळते ती नेमकी त्याच क्षणी.

शेजारच्या घरात एक परिचारिका राहते. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान, तीन मुलांची आई. तिने मला कुंपणाशी उभी राहून पाहताना दोन-तीनदा पाहिले असावे. एके दिवशी ती म्हणाली, “मंगळवारी संध्याकाळी आम्ही बायका खेळतो. या.” मी माझे वय सांगितले. तिने ते ऐकले आणि म्हणाली, “सात वाजता.”

ह्या मंगळवारच्या वर्गाचे नाव मोठे मौजेचे आहे: ‘आयांसाठी आणि इतरांसाठी गेलिक’. येथल्या स्त्रियांच्या गेलिक फुटबॉल संघटनेने २००८ साली ही योजना सुरू केली. मुलांना मैदानावर सोडून गाडीत बसून राहणाऱ्या आयांना मैदानातच का उतरवू नये, असा त्यामागचा साधा विचार. कधीच न खेळलेल्या, किंवा शाळेनंतर खेळ सुटलेल्या बायकांनी यावे, धावावे, दमावे, चहा प्यावा आणि घरी जावे. चषक नाही, अजिंक्यपद नाही. मी त्यातल्या ‘इतर’ ह्या शब्दावर फार खूष आहे. तेवढ्या एका शब्दाच्या दारातून आमच्याकडे एक पोलिश केशकर्तनकार, एक अविवाहित वकीलबाई, केरळची एक परिचारिका आणि मी असे चौघे जण आत आलो.

शिकवणारी मुलगी चोवीस वर्षांची. दिवसा ती प्राथमिक शाळेत शिकवते आणि रविवारी क्लबाच्या मुख्य संघात खेळते. तिने पहिल्याच दिवशी मला माझ्या नावाने हाक मारली. अठ्ठावीस वर्षे ‘मॅडम’ ऐकलेल्या कानांना ते क्षणभर परके वाटले, आणि मग एकदम थंडगार पाण्यासारखे बरे वाटले. माझ्या नावाने मला हाक मारणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत, आणि ती सगळी माझ्याहून मोठी आहेत.

चेंडू आपटणे मला लवकर जमले. मुठीने टोलवणेही जमले. सोलोने मात्र महिनाभर झुंजवले. चेंडू ज्या हातात, त्याच बाजूच्या पायावर तो सोडायचा. फेकायचा नाही, नुसता सोडायचा. पायाची बोटे आपल्याकडे ओढून घ्यायची, आणि चेंडू पायावर टेकताच असा झटका द्यायचा की तो उलटा फिरत आपल्याच छातीकडे परत येईल. बोटे खाली राहिली तर चेंडू पुढच्या माणसाला नमस्कार करायला जातो. हे सारे मला दुसऱ्या दिवशी इतके स्वच्छ समजले होते की मी त्यावर व्याख्यान देऊ शकले असते. पण डोक्याला समजणे आणि पायाला समजणे ह्यांत तीस दिवसांचे अंतर आहे, आणि ते अंतर कोणत्याही हुशारीने कमी होत नाही. मी घरच्या ओसरीवजा चिंचोळ्या वाटेत नातवासमोर रोज शंभर वेळा चेंडू सोडत असे. तो पायरीवर बसून मोजी. त्याला एकोणतीसच्या पुढचे आकडे येत नसत, म्हणून तो पुन्हा एकपासून सुरुवात करी. एका सकाळी चेंडू सलग सहा वेळा हातात परत आला. नातू म्हणाला, “आजी, आता दुसरा पाय.” दुसऱ्या पायाचा विचार मी तोवर केलाच नव्हता.

खरे सांगायचे तर ह्या सगळ्यात माझी जी भीती होती ती हसे होण्याची नव्हती. ती पडण्याची होती. सात वर्षांपूर्वी माझी आई साताऱ्याच्या घरी न्हाणीघरात पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण तेव्हापासून ती वॉकरच्या चौकटीत चालते. आमच्या घराण्यातल्या बायकांची हाडे ठिसूळ. माझीही तपासणी झाली आहे, आणि आकडे आनंद वाटावा असे नाहीत. त्यामुळे माझा बेत ऐकताच मुलगी एकच वाक्य बोलली, “आई, पडलीस तर?” मी येथल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी कागद पाहिले, गुडघे दाबून पाहिले, आणि सांगितले की बसून राहिलेले हाड झिजते, भार सोसणारे हाड टिकते. मात्र हळूहळू वाढवा आणि अंगावर येणाऱ्यांपासून जपा. स्त्रियांच्या खेळात तशीही धडक देण्याला मुभा नाही, आणि जमिनीवरचा चेंडू सरळ हाताने उचलता येतो. पुरुषांना तो आधी पायाच्या बोटाने उचलून घ्यावा लागतो. हा भेद मला आधी अपमानास्पद वाटला. वाकून वाकून कंबर दुखू लागल्यावर मी त्यावरचे मत राखून ठेवले आहे.

आणि मी पडले, तिसऱ्याच मंगळवारी. पाऊस पडून गेला होता, गवत निसरडे होते, आणि चेंडूमागे वळताना पाय गेला. जमिनीवर उताणी पडल्यावर मला पहिली आठवण झाली ती ही की, तेराव्या वर्षानंतर मी कधी जमिनीवर पडलेच नव्हते. ठेच लागली असेल, तोल गेला असेल; पण पाठ मातीला लागून वर आभाळ दिसणे, हे चाळीस वर्षांत घडले नव्हते. आपण पडण्याची सवय मोडून टाकतो आणि मग पडण्याला भितो. दोन जणींनी हात दिला. काही मोडले नव्हते. शिकवणाऱ्या मुलीने लांबून विचारले, “ठीक?” मी हात वर केला आणि ती दुसरीकडे वळली. तिच्या त्या वळण्यात जो विश्वास होता तो मला माझ्या घरात कोणी दाखवला नसता.

एवढे झाल्यावर मी क्युसॅकचा शोध घेतला. हा गृहस्थ क्लेअर परगण्यात १८४७ साली, म्हणजे तिथल्या भीषण दुष्काळाच्या ऐन भरात, जन्मला. पेशाने शिक्षक, सरकारी नोकरीच्या परीक्षांसाठी मुलांना तयार करणारी शाळा त्याने डब्लिनमध्ये चालवली. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररीतल्या थर्ल्स गावी हायेस हॉटेलात काही मंडळी जमली आणि आपले देशी खेळ जगवण्यासाठी त्यांनी संघटना काढली. क्युसॅक तिचा एक चिटणीस झाला. पण भांडखोर स्वभावामुळे दोन वर्षांच्या आत त्याला ते पद सोडावे लागले. असली माणसे आपल्याकडेही ठाऊक आहेत. संस्था काढावी त्यांनीच, आणि ती चालवावी दुसऱ्यांनी.

मराठी वाचकाला ह्यात काही ओळखीचे वाटेल. आपल्याकडे डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम बांधले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनला जाऊन हुतूतू जगाला दाखवला. परक्या राज्यात खेळ हा नुसता खेळ राहत नाही. येथे त्याची किंमत रक्ताने मोजली गेली. २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर सामना चालू असताना सरकारी दलाने गोळीबार केला आणि चौदा माणसे मारली गेली. त्यांत टिपररीचा खेळाडू मायकेल होगन होता. मैदानाचा एक सज्जा आज त्याच्या नावाने ओळखला जातो. त्याच मैदानाच्या एका टोकाचा चढ १९१६ च्या बंडात पडलेल्या इमारतींच्या दगडविटांवर रचला आहे, असे मला चहाच्या वेळी तिघींनी तीन वेळा सांगितले. तो चढ बंडाच्या आदल्या वर्षीच उभा होता, असे इतिहासकार म्हणतात. मी तिघींना काही बोलले नाही. सिंहगडाच्या घोरपडीबद्दल मला तरी कोणी परक्याने टोकलेले कोठे आवडेल?

मात्र देशी अभिमानाचे जे टोक येथे गाठले गेले ते मला मानवत नाही. क्रिकेट, रग्बी, साधा फुटबॉल असले ‘परके’ खेळ खेळणाऱ्याला ह्या संघटनेत मज्जाव होता, आणि तो नियम थेट १९७१ पर्यंत चालला. ते खेळ पाहायला गेलेलेही सुटत नसत. डग्लस हाइड हे आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष. आयरिश भाषेसाठी ह्या माणसाने जन्म वेचला. १९३८ साली ते राष्ट्राध्यक्ष ह्या नात्याने एका साध्या फुटबॉल सामन्याला गेले, म्हणून संघटनेने त्यांना आपल्या आश्रयदातेपदावरून काढले. खेळाला देशाचे सोवळे नेसवले की असे होते.

आणि ह्या साऱ्या कहाणीत बायका कोठे होत्या? स्त्रियांच्या फुटबॉल संघटनेची स्थापना झाली ती १९७४ साली, आणि तीही थर्ल्सच्या त्याच हायेस हॉटेलात. पुरुषांच्या सभेनंतर नव्वद वर्षांनी! त्याच साली झालेली पहिली राष्ट्रीय स्पर्धा टिपररीने जिंकली. पुढे केरीच्या बायकांनी १९८२ पासून १९९० पर्यंत सलग नऊ वर्षे अजिंक्यपद राखले. २०१९ साली स्त्रियांचा अंतिम सामना पाहायला क्रोक पार्कवर ५६,११४ माणसे होती. ह्या मैदानात खेळणाऱ्या कोणालाही, पुरुषाला वा स्त्रीला, खेळण्याबद्दल पगार नाही. रविवारी हजारोंसमोर खेळलेली मुलगी सोमवारी वर्गात हजेरी घेते. आमची शिक्षिका मंगळवारी लंगडत आली की आम्ही समजतो, रविवारचा सामना अवघड गेला.

माझ्यावेळी साताऱ्यात असली संघटना नव्हती. पण शाळेत खो-खोचा संघ होता आणि त्यात मी होते. मला खुंट मारता येत असे, सूर मारता येत असे. आठवीत असताना संघ सामन्यांसाठी कराडला जायचा होता. पिशवी भरली होती. आदल्या रात्री आई म्हणाली, “आता पुरे. तू मोठी झालीस.” मी पिशवी रिकामी केली. त्या घटनेवर आमच्या घरात नंतर एक अक्षरही बोलले गेले नाही. आम्ही मायलेकी फार गोष्टी बोलतो. वाङ्मय, राजकारण, वहिनीची आमटी. हे एवढे सोडून.

म्हणून फुटबॉलचे मी तिला बरेच दिवस सांगितले नव्हते. शेवटी नातवानेच फोनवर पणजीला बातमी दिली. मी फोन हातात घेतला तेव्हा ती थोडा वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “चेंडू हाताने खेळायचा की पायाने?”

“दोन्हींनी.”

“आणि धरून पळायचे?”

“चार पावले.”

तिने नियम पुन्हा पुन्हा विचारून घेतले. चार पावले कोण मोजते, हे तिला हवे होते. मी म्हटले, पंच मोजतो, आणि आपणही मोजायची. मग ती एकाएकी म्हणाली, “कराडला तुला पाठवले नाही, ते तुझ्या लक्षात असेल.”

“आहे.”

“तुझ्या आजीने सांगितले होते. मी त्यांच्यापुढे कधी बोलले नाही.” मग जरा थांबून, “मी नऊ वर्षांची होते तेव्हा मला थांबवले. तुला तेरापर्यंत तरी खेळू दिले.”

मला काय बोलावे सुचेना. आई नऊ वर्षांची असताना काय खेळत होती, हे मी चौपन्न वर्षांत तिला विचारलेले नव्हते. त्या दिवशी विचारले. वाड्याच्या मागच्या परसात भावांबरोबर ती हुतूतू खेळे आणि तिचा दम थोरल्या भावापेक्षा लांब टिके. एकोणऐंशीव्या वर्षी, वॉकरला धरून, तिने मला फोनवर तो दम घेऊन दाखवला. मी घड्याळ पाहिले. वीस सेकंद.

सप्टेंबरात बायकांचा मेळावा झाला. आजूबाजूच्या क्लबांचे लहान लहान संघ, दहा-दहा मिनिटांचे सामने. गुण मोजायचे नाहीत असे ठरलेले असते, आणि प्रत्येकीला ते तोंडपाठ असतात. शेवटच्या सामन्यात चेंडू माझ्या हाती आला तेव्हा समोर बरेच मोकळे गवत होते. चार पावले, सोलो. चार पावले, आपटला. चार पावले, आणि दुसरा सोलो पायावरून निघून हाताकडे येत असतानाच एका बाईने तो वाटेतच इतक्या सफाईने उचलला की मला रागही आला नाही. केस पांढरेशुभ्र, वय साठीच्या पुढे. ती निघूनही गेली होती आणि मी तशीच हात पुढे करून उभी होते. पुढे एकदा मी चेंडू मुठीने केरळच्या परिचारिकेला दिला आणि तिने तो जाळ्यात घातला; त्या भरात मी पडलेही. मुलगी, जावई आणि नातू कडेला उभे होते. मुलगी एक पाऊल पुढे आली, आणि मग तेथेच थांबली.

संध्याकाळी साताऱ्याला फोन लावला. आईने विचारले, “किती झाले?”

“आमचे दोन गोल, चार गुण.”

“म्हणजे दहा. आणि त्यांचे?”

“एक गोल, आठ गुण.”

“अकरा. एका गुणाने गेला.” मग तिने विचारले, “पडलीस?”

“पडले.”

“लागले?”

“नाही.”

“बरे,” ती म्हणाली, “ती पांढऱ्या केसांची कोण होती म्हणालीस, तिचे वय नीट विचारून घे,” आणि फोन वहिनीकडे दिला.